अण्णांच्या नावातले दोन पौंड

आमच्या कुलवृत्तांताच्या चौथ्या पानावर सगळ्यांची नावं आहेत. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ काढणारा भाचा, आर्थिक साहाय्य करणारे सात जण. त्या सातांतल्या दोघांनी कबूल केलेले पैसे अजून दिलेले नाहीत, तरी त्यांचीही नावं आहेत. अण्णांचं नाव त्या पानावर नाही. माझ्याकडून ते राहून गेलं असं नव्हे. 'अक्षरजुळणी' या शब्दापुढे मी ते घातलं होतं. शेवटचं प्रूफ वाचायला त्यांच्याकडे गेलं आणि परत आलं, तेव्हा त्या ओळीवर लाल रेघ होती आणि समासात 'काढून टाका'ची ती शेपटीवाली खूण.

अण्णा वाईतले जुने कंपोझिटर. आमच्या गंगापुरीतच राहायचे. प्राज्ञ पाठशाळेचं आणि विश्वकोशाचं गाव, तेव्हा छापील अक्षराचं आम्हाला अप्रूप नव्हतं; पण ते अक्षर जुळवणाऱ्याकडे कुणी वळून बघत होतं असंही नाही. सतराव्या वर्षी अण्णा केसपुढे उभे राहिले ते तीस वर्षं उभेच होते. ऑफसेट आणि डीटीपी आलं, खिळे वितळवायला गेले, तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस श्री-लिपी शिकला आणि घरच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, सत्यनारायणाची आमंत्रणं करू लागला. मी शाळेत मराठी शिकवायची. पत्रिकेचं प्रूफ घेऊन ते यायचे, ओट्यावरूनच म्हणायचे, "बाई, ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघून द्या." पाच मिनिटांचं काम. आमचा व्यवहार एवढाच.

कुलवृत्तांत हे माझ्या बडोद्याच्या आत्याचं वेड. गायकवाडांच्या चाकरीत गेलेली आमची एक पाती दांडिया बाजारात रुजली, त्यातली ती. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, २००७ साली, तिने नातवाकडून 'बरहा' शिकून घेतलं आणि इंग्रजी कळांवरून मराठी उमटवत मेल धाडायला सुरुवात केली. प्रत्येक मेलच्या डोक्यावर 'चि. सौ.' आणि माझं नाव, तळाला 'अनेक आशीर्वाद'. मधे एकेका शाखेची हकीगत: कोण कुठे गेला, कुणाला दत्तक घेतलं, कुणाची दुसरी बायको ही पहिलीची मावसबहीण होती. अशा मजकुरापुढे ती कंसात लिहायची, 'छापू नये, पण माहीत असावे.' पुढे कळलं की छापू नये ते नव्वद टक्के होतं.

पहिला मेल आला तेव्हा माझ्या पडद्यावर नुसत्या चौकटी होत्या. ते दुखणं साधं निघालं. विंडोज एक्सपीमधे भारतीय लिप्यांची सोय होती, पण आपणहून चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमधे जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करायची आणि मूळ सीडी घालायची, की मंगल नावाचा फॉन्ट अक्षरं दाखवू लागे. मंगल र. कृ. जोशींनी घडवला. सुलेखनकार, कवी, आयआयटीत शिकवलेले. आत्याचा मेल पहिल्यांदा वाचता आला तो त्यांच्या वळणांतून, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, ते गेल्यावर.

चौकटी गेल्या आणि कचरा आला. सगळ्या मेलना नाही. आत्या घरच्या प्रोग्रॅममधून पाठवायची ते नीट यायचे. नातवाने तिला एका संकेतस्थळावर आणखी एक खातं काढून दिलं होतं, तिथून आलेले मेल म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं एक गोल, मग आणखी काहीतरी, पुन्हा तो ए, पुन्हा ते गोल, असे पानोपान. जपान्यांची लिपी आपल्याहून गुंतागुंतीची. त्यांनी हा त्रास आपल्याआधी भोगला आणि त्याला नावही ठेवलं, मोजिबाके, म्हणजे अक्षरांनी रूप पालटणं. आम्ही 'कचरा' म्हणत होतो. शब्दाचाही परिणाम होतो. कचरा म्हटलं की माणूस तो नीट बघत नाही.

२००९ च्या दिवाळीत कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, करप्ट झालंय, फॉरमॅट मारू." मेल उतरवून घेतले की पलीकडच्या सर्व्हरवर काही उरायचं नाही, अशी माझ्या खात्याची व्यवस्था. म्हणून फॉरमॅटच्या आधी मी रात्रभर बसून आत्याचे ६३ मेल एकेक करून वर्ड प्रोसेसरच्या एका फाइलीत चिकटवले. वाचता येणारे तसेच आणि न येणारेही तसेच, आधी साठवू मग बघू या हिशेबाने. वर शिक्षिकेची खोड. कुठे दोन शब्दांत दोन जागा पडलेल्या दिसल्या, त्या सगळ्या 'शोधा आणि बदला' करून एक केल्या. हा स्वच्छपणा पुढे किती महाग पडला ते सांगतेच.

अण्णा आले ते पुढच्या वैशाखात, कुणाच्या तरी मुंजीचं प्रूफ घेऊन. टेबलावर मी त्या कचऱ्याची नऊ पानं छापून ठेवली होती, पाठकोऱ्या बाजूला पेपर तपासणीचे हिशेब करायला. त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं. खिशातून भिंग काढलं. मी मुंजीचं प्रूफ वाचून संपवलं, चहा ठेवला, गाळला, तरी ते त्याच पानावर.

"बाई, हे कुणी जुळवलंय?"

मी म्हटलं, "कुणी नाही हो अण्णा. कॉम्प्युटरचा बिघाड आहे. हे तुमच्या खिळ्यांसारखं नसतं."

हे वाक्य मी बोलले, आणि ते या लेखात आलंच पाहिजे म्हणून लिहिते आहे.

त्यांना राग आला असावा, पण दाखवला नाही. पेन्सिलीने त्यांनी एका ओळीत उभ्या रेघा मारल्या. "बिघाडाला शिस्त नसते. फर्मा हातातून सुटून जमिनीवर सांडला ना, की त्यात काही म्हणजे काही नेम नसतो. हे बघा. हा रेघवाला ए दर तिसऱ्या घराला येतोय. त्याच्यामागे हे टोकांचं गोल, नाहीतर ही येनची खूण, तिसरं काहीच नाही. बदलतंय ते फक्त शेवटचं. म्हणजे तीन खुणांचा मिळून एक खिळा आहे."

पहिल्यांदा ते चुकले, हेही सांगायला हवं. श्री-लिपीच्या जगात मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षरावर चढवलेला मुखवटा. फॉन्ट बदलला की मजकूर पालटतो. त्यांनी फाइल घरी नेली आणि आपल्याकडचे होते नव्हते ते सगळे फॉन्ट लावून पाहिले. वेगवेगळ्या जातींचा कचरा निघाला, काही ठिकाणी तर अर्धवट मराठी दिसणारा. चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, "मुखवटा नाही हा. याचं तोंडच वेगळं आहे."

किल्ली सापडली ती आत्याच्या संस्कारांमुळे. तिचा एकही मेल 'चि. सौ.' शिवाय सुरू होत नसे. अण्णांनी प्रत्येक कचऱ्याची पहिली ओळ कापून एकाखाली एक चिकटवली, सगळ्या सारख्या. पूर्णविराम मात्र शाबूत होते, ते इंग्रजी-मराठीत एकच. तेव्हा पहिल्या पूर्णविरामाच्या आधीचा ऐवज 'चि' आणि दुसऱ्याच्या आधीचा 'सौ'. तीन-तीन खुणांचे दोन-दोन गट. च, ऱ्हस्व वेलांटी, स आणि औकार. चार खिळे हाती आले. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह निघाली. मला ती शोभून दिसली.

मग त्यांनी मला केस समजावून सांगितली. मी इतकी वर्षं छापील पुस्तकांत वावरले, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. "कंपोझिटर खिळा बघून उचलत नाही, बाई. नजर हस्तलिखितावर, डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणावर जातो. अमक्या खणात म, तमक्यात र, हे हाताला ठाऊक असतं. आता माझ्या स्टँडवरची मराठीची केस काढून कुणी तिथं इंग्रजीची ठेवली, आणि मी न बघता त्याच खणांतनं उचलत राहिलो, तर काय छापून निघेल?" मी पानाकडे बोट केलं. "हां. माझा हात बरोबर. मजकूर बरोबर. केस चुकली."

त्या रात्री मी नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड उघडलं आणि फॉरमॅटनंतर आलेला एक बिघडलेला मेल घेऊन कंट्रोल आणि यू दाबलं. मेलचं पोट दिसतं त्यात: कुठून निघाला, कुठे थांबला, आत काय आहे. नीट येणाऱ्या मेलच्या डोक्यावर मजकूर कोणत्या सांकेतिक लिपीत आहे त्याची एक ओळ होती, यूटीएफ-८. बिघडलेल्यात ती ओळ अर्धीच. 'साधा मजकूर' एवढं लिहिलेलं, पुढचं नाव गायब. पाकिटावर केसचं नावच नाही म्हटल्यावर प्रोग्रॅमने आपल्या सवयीची केस लावली होती, 'वेस्टर्न'.

कॉम्प्युटर अक्षर पाठवत नाही, आकडे पाठवतो. यूटीएफ-८ मधे आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला तीन आकडे लागतात. म म्हणजे २२४, १६४, १७४. पहिला आकडा कायम २२४. तो सांगतो की मला धरून तिघांचा गट आहे. दुसरा १६४ किंवा १६५. आता हेच आकडे पश्चिम युरोपच्या तक्त्यात एकेकटे शोधले, तर २२४ ला तो तिरक्या रेघेचा ए, १६४ ला टोकांचं गोल, १६५ ला येन. अण्णांनी भिंगातून जे पाहिलं होतं ते तंतोतंत हेच. त्यांना आकडे ठाऊक नव्हते, एवढाच काय तो फरक.

उपाय हास्यास्पद सोपा निघाला. व्ह्यू मेनू, कॅरेक्टर एन्कोडिंग, युनिकोड यूटीएफ-८. निवडल्याबरोबर आत्या बोलू लागली. फोल्डरच्या गुणधर्मांत तेच एकदा ठरवून दिलं आणि नवे मेल सगळे सुधारले. मी धावत अण्णांकडे गेले, रात्रीचे साडेनऊ वाजले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ते ६३?"

ते ६३ मेनूने सुटणारे नव्हते. तिथे मूळ आकडे उरलेच नव्हते. मी चिकटवलेली ती चिन्हं आता चिन्हं म्हणूनच साठली होती, रेघवाला ए हा खराखुरा रेघवाला ए झाला होता. त्यांतले ४१ मेल कचऱ्याचे. हे आज एखादा जाणकार मुलगा चार ओळींच्या प्रोग्रॅमने उलटं फिरवेल. आम्हा दोघांना तेव्हा असा मुलगा माहीत नव्हता. अण्णा म्हणाले, "एक दोनशे पानी वही आणा."

त्या वहीत त्यांनी तक्ता केला. डावीकडे खिळा, उजवीकडे तिसरी खूण. क म्हणजे गोल ठिपका, ख म्हणजे आडवी रेघ, ग म्हणजे तिच्याहून लांब आडवी रेघ. म म्हणजे वर्तुळातला आर. र म्हणजे तापमानाच्या अंशाचं शून्य. काना म्हणजे पाऊण. दीर्घ वेलांटीची येनमागोमाग युरोची खूण. "श्रीमंत मात्रा," अण्णा म्हणाले. ण म्हणजे पौंड. मग स्वतःचं नाव त्यांनी त्या लिपीत मांडून पाहिलं आणि मोठ्याने हसले. "अण्णा. बघा, माझ्या नावात दोन पौंड आहेत!"

तक्ता झाल्यावर 'शोधा आणि बदला'. तीन खुणा शोधायच्या, एक अक्षर ठेवायचं. एकेका अक्षराला एक फेरी, सगळी फाइल. पहिली फेरी कान्याची केली, कारण तो सर्वांत जास्त. ते पाहणं विलक्षण होतं. कचऱ्याच्या रानात सगळीकडे काने उभे राहिले. मग र, मग त, मग न. पाचसहा फेऱ्यांनंतर ओळखीचे शब्द अंगाने वर येऊ लागले, नदीचं पाणी उतरताना कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या येतात तसे.

आणि मग भोकं दिसली.

पश्चिमेच्या त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. १२९, १४१, १४३, १४४, १५७ या आकड्यांना तिथे चिन्हच नेमलेलं नाही. आपलं दुर्दैव असं, की आपला पाय मोडणारा हलंत १४१ वर संपतो, ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू १२९ वर, ए १४३ वर, ऐ १४४ वर आणि झ १५७ वर. माझ्या चिकटवण्यात ही तिसरी खूण गळून गेली. सगळी जोडाक्षरं फुटली. अण्णांच्या नावातले दोन पौंडसुद्धा सुटे झाले.

'कुलकर्णी' या शब्दात दोन भोकं, एक उकाराचं आणि एक हलंताचं, आणि दोन्ही दिसायला एकसारखी. "भोक सारखं असलं तरी शेजारी सांगतो," म्हणून अण्णा वाचत चालले. शेकडो भोकं त्यांनी न थांबता भरली. अडायचं क्वचित. एका ठिकाणी व, र, भोक, ण. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, हा मुलगा आहे की रंग?" वरुण की वर्ण, हे पुढच्या ओळीत 'मुंज १९९८' वाचून ठरलं.

सालं हे वेगळंच संकट. कुलवृत्तांतात सालं गेली की उरतं काय? १८७७ च्या जागी नुसतं १८ दिसत होतं, ४७ च्या जागी ४. सातच्या आकड्याची तिसरी खूण कुठेच नव्हती, आणि त्याच्या जोडीला भ देखील. मी ते गेलेच असं धरलं होतं. अण्णा कळफलकावरच्या बाणाच्या कळीने अक्षर-अक्षर पुढे सरकत वाचायचे, केसमधून बोट फिरवावं तसे. एकदम थबकले. "इथं काहीतरी आहे. कळ दोनदा दाबावी लागतेय." खरंच होतं. भ आणि ७ दोन्ही १७३ वर संपतात, आणि १७३ ही एक अदृश्य खूण आहे: ओळ मोडलीच तर इथे संयोगचिन्ह द्या, एरवी दाखवू नका. ते लपलेले होते, गेलेले नव्हते. त्या संध्याकाळी आमच्या घराण्याला आठ पिढ्यांचे सात परत मिळाले. अण्णांकडच्या काकूंनी कोकम सरबत दिलं, आणि सात परत मिळाले म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात आणखी अर्धा तास गेला.

ठ ची गंमत माझ्या अंगाशी आली. ठ संपतो १६० वर, आणि १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. शब्दाच्या शेवटी ठ आला की ती जागा आणि पुढची नेहमीची जागा अशा दोन पडायच्या. त्याच मी नेटकेपणाने एक केल्या होत्या. त्यामुळे 'आठ मुलगे' हे 'आठमुलगे' झाले, असे सगळीकडे. अण्णा प्रत्येक ठिकाणी थांबून शब्द सोडवायचे आणि बोलायचे काहीच नाहीत. त्यांनी एकदा तरी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

दीड महिना संध्याकाळी सहा ते आठ हे चाललं. मधे मी वाचून त्यांना सांगत असे. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवताना केली, ताटाखाली घालतात त्या कागदावर. मेलच्या डोक्यावर सांकेतिक लिपीचं नाव लिहायची रीत बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी त्याच वर्षी घालून दिली. अण्णांनी विचारलं, "तो ताटाखालचा कागद ठेवला का त्यांनी?" नाही ठेवला. ठेवायला हवा होता असं पाइकनी पुढे लिहिलंय. अण्णा चुकचुकले. "छापखान्यात असंच. हस्तलिखित सगळे जपतात. जुळणीचा मेळ कुणी कसा बसवला ते कुठे राहतं?"

काम संपलं त्या दिवशी मी पाकीट पुढे केलं. आत दोन हजार रुपये होते. दीड महिन्याला ते काहीच नव्हते, पण मला त्याहून मोठा आकडा लाज न वाटता लिहिता येईना. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. "माझ्या नावातच दोन पौंड आहेत, बाई. आणखी काय करू?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "माझ्या पत्रिका तुम्ही वीस वर्षं तपासताय. त्याचं बिल कधी पाठवलंत?"

म्हणून ते पान चार. प्रूफावरची लाल रेघ बघून मी पुन्हा त्यांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, नाव का काढलंत? त्यांचं उत्तर असं: छापून झालं की फर्मा सोडायचा, खिळे धुवायचे आणि एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. ते काम छापखान्यात सर्वांत नव्या पोराला देतात. "अक्षरं जुळवली तुमच्या आत्याबाईंनी. मी ती खणात परत टाकली. त्याला जुळणी म्हणत नाहीत. खोटं छापायचं नाही." मी दुसरा शब्द शोधला. मराठीची शिक्षिका मी, बत्तीस वर्षांची नोकरी. श्रेयनामावलीत शोभेल असा त्या कामाचा शब्द मला सापडला नाही, आणि पुस्तक छापायला गेलं.

पुस्तक २०११ च्या अक्षय तृतीयेला निघालं. आत्याने बडोद्याहून फोन करून पहिली तक्रार केली ती सहाव्या शाखेची. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असं छापलंय. "अगं, मी सगळं लिहिलं होतं की मेलमधे! गणपतीत! तू वाचत नाहीस."

तो मेल माझ्याकडे आहे. तिचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून तिने तो शेजाऱ्यांच्या घरून पाठवला होता, आणि तो प्रश्नचिन्हांचा आला. रेघवाले ए नाहीत, गोल नाहीत, फक्त प्रश्नचिन्हं. हा प्रकार वेगळा. तिथे पाठवतानाच प्रोग्रॅमने मजकूर पश्चिमेच्या तक्त्यात कोंबायचा प्रयत्न केला, आणि जे अक्षर त्यात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूळ आकडे फेकून दिले. चौकटी दिसल्या तर फॉन्ट नाही. तिरक्या रेघांचे ए दिसले तर केस चुकलीय, मजकूर जिवंत आहे. प्रश्नचिन्हं आली तर पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगावं, त्याच दिवशी. मी आत्याला फोन केला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवते म्हणाली, मग तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग दोघीही विसरलो. पुस्तकानंतर विचारलं तेव्हा त्या मेलमधे नेमकं काय होतं ते तिलाच आठवेना. शेजाऱ्यांनी घर बदललं होतं.

अण्णांनी तो मेलही मागून घेतला होता. मी म्हटलं, यात काही उरलेलं नाही. ते म्हणाले, "संख्या उरलीय. एका खुणेला एक प्रश्नचिन्ह." आणि पूर्णविराम शाबूत. पहिली ओळ: दोन चिन्हं, पूर्णविराम, दोन चिन्हं, पूर्णविराम. चि. सौ. शेवटची ओळ: चार चिन्हं, जागा, आठ चिन्हं. अ, न, मात्रा, क. आ, श, वेलांटी, र, हलंत, व, काना, द.

आत्या २०१४ मधे गेली, अण्णा २०१७ मधे. थंडरबर्डच्या हल्लीच्या आवृत्त्यांत तो लांबलचक एन्कोडिंगचा मेनू काढून टाकलाय, त्याजागी मजकूर दुरुस्त करण्याची एकच आज्ञा आहे. ती आल्यावर मी त्या मेलवर चालवून पाहिली. काही होत नाही, होणारही नव्हतं. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर अण्णांच्या पेन्सिलीत त्या मेलची नोंद आहे: 'ओळी १९. वाचल्या २.'